मिरजेचे डॉक्टर वानलेस

सांगलीहून मिरजेस जाणाऱ्या हमरस्त्यावर वानलेसवाडी या नावाची वस्ती आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकजण सुटीत या रस्त्याने जातात-येतात आणि कंडक्टरच्या तोंडून हे नाव त्यांनी शंभर वेळा ऐकलेले असते. गेल्या वर्षी आम्ही नववीच्या वर्गात सहज विचारले, की वाड्यांची नावे कोठे देवावरून पडतात, कोठे झाडावरून, तर कोठे एखाद्या पाटलाच्या आडनावावरून. मग हे वानलेस कोण? वर्गात प्रथम हशा पिकला. एकाने तो कोणी गोरा कलेक्टर असावा असे सांगितले. दुसऱ्याने ते रेल्वेतील एखाद्या साहेबाचे नाव असावे असा तर्क केला. मागच्या बाकावरील एक मुलगी मात्र हसली नाही. तिची आजी क्षयाच्या दुखण्याने त्या वाडीतील इस्पितळात काही महिने राहून बरी होऊन घरी आली होती. त्यामुळे वानलेस हे डॉक्टर होते एवढे तिला ठाऊक होते. त्याहून अधिक तिलाही ठाऊक नव्हते. वार्षिकासाठी यंदा काय लिहावे या विवंचनेत आम्ही होतोच. तो प्रश्न त्या तासाला सुटला.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १ मे १८६५ रोजी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात चार्ल्सटन या लहान गावी झाला. त्यांच्या बालपणाच्या हकिकतीत आम्ही वाचकांस गुंतवीत नाही. तरुणपणीच त्यांनी वैद्यक शिकून परदेशी सेवेस जाण्याचा निश्चय केला आणि त्यासाठी ते न्यूयॉर्क येथे आले. तेथील विद्यापीठाची वैद्यकाची पदवी त्यांस १८८९ साली मिळाली. त्याच वर्षी मेरी मार्शल या बाईंशी त्यांचा विवाह झाला. बाई स्वतः रुग्णशुश्रूषेचे शिक्षण घेतलेल्या होत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण पुढे मिरजेस जे घडले त्यात अर्धा वाटा या बाईंचा आहे आणि पुष्कळ चरित्रकार तो अर्ध्या ओळीत उरकतात. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने हे नवपरिणीत जोडपे त्याच वर्षाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागले.

त्याच १८८९ सालच्या एप्रिल महिन्यात प्रशांत महासागरातील मोलोकाई बेटावर फादर डेमियन हे महारोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने निवर्तले होते. डेमियन रोमन कॅथॉलिक, वानलेस प्रेस्बिटेरियन. एक धर्मगुरू, दुसरा शस्त्रवैद्य. दोघांची भेट होण्याचा संभवच नव्हता. तथापि एकाचे काम जेथे थांबले तेथून फार दूर, आमच्या कृष्णाकाठी, तेच काम दुसऱ्याच्या हाती यावयाचे होते.

या भागात मिशनचे काम नवे नव्हते. रेव्हरंड रॉयल वाइल्डर यांनी १८५२ सालीच कोल्हापुरास ठाणे मांडले होते. शाळा निघाल्या, उपदेश झाले, पुस्तके वाटली गेली. परंतु ज्याचे पोट दुखत आहे किंवा ज्याच्या डोळ्यांपुढे अंधार आहे त्याला पुस्तकाचा काय उपयोग? वानलेस प्रथम सांगलीस राहिले. तेथे मराठी शिकत शिकत त्यांनी लहानसा दवाखाना चालविला. परक्या देशातून आलेल्या मनुष्यास आमची भाषा किती कठीण जात असेल याची कल्पना करून पाहावी. ठणका, कळ, टोचणी, आग आणि बधिरपणा यांत काय भेद आहे हे रोग्याच्या तोंडून ऐकून डॉक्टरास समजले पाहिजे. आणि आमचा शेतकरी तर आपले दुखणे कधी सरळ सांगत नाही, आधी पाऊसपाण्याचे सांगतो.

त्या काळी गोऱ्या डॉक्टरच्या औषधाविषयी लोकांच्या मनात दुहेरी भीती असे. एक सुरीची, दुसरी विटाळाची. सोवळे पाळणारी माणसे बाटलीतले पातळ औषध घेण्यास कचरत, कारण त्यात परक्या हातचे पाणी असे. कोरडी पूड मात्र चाले, ती घरच्या पाण्याबरोबर घेता येई. आज आपणांस हे वाचून हसू येते. आम्हांस विचाराल तर हसण्याची घाई करू नये. विटाळाची समजूत नुसती वेष पालटून आपल्या घरात कोठे बसली आहे हे ज्याने त्याने पाहावे.

सांगली सोडून मिरज का निवडली? त्याचे उत्तर रेल्वेच्या रुळांत आहे. पुण्याहून दक्षिणेस जाणारा लोहमार्ग मिरजेवरून गेला होता आणि १८९१ साली कोल्हापूरचा फाटा तेथे येऊन मिळाला. सातारा जिल्ह्यातला कऱ्हाडकडचा माणूस, बेळगावकडचा कानडी माणूस, कोल्हापूरचा घाटावरचा माणूस, या सर्वांस गाडीत बसून एकाच ठिकाणी उतरता येईल असे हे गाव होते. आंधळ्यास आणि पांगळ्यास दहा कोस चालवत आणणे म्हणजे त्याचा रोग वाढविणे होय. हे डॉक्टरांनी बरोबर ओळखले. मिरजेच्या पटवर्धन अधिपतींनी जागा दिली. इमारतीसाठी पैसा दिला तो फिलाडेल्फिया शहरातील जॉन कॉन्व्हर्स या गृहस्थांनी. हे गृहस्थ बाल्डविन या आगगाडीची इंजिने बांधणाऱ्या प्रसिद्ध कारखान्याचे भागीदार होते. इंजिनाच्या धंद्यात मिळालेला पैसा रेल्वेच्या जंक्शनावर इस्पितळ होऊन उभा राहिला, हा योगायोग आम्हांस फार आवडतो. १८९४ साली इस्पितळ उघडले.

आता त्या इस्पितळाच्या दारी कोण आले ते पाहू. सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक आले ते मोतीबिंदूचे रोगी. आमच्या विद्यार्थ्यांस मोतीबिंदू म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम वाटते. आजोबा सकाळी जातात आणि संध्याकाळी चष्मा लावून चहा पितात. त्या काळी तसे नव्हते. खेड्यापाड्यांतून फिरते वैदू सुई घालून डोळ्यातला पिकलेला मणी मागे ढकलून देत. रोग्यास क्षणभर उजेड दिसे, वैदूस बिदागी मिळे आणि पुष्कळदा महिनाभरात डोळा सुजून कायमचा जाई. तोवर वैदू चार गावे पुढे गेलेला असे. इस्पितळात मणी मागे न ढकलता बाहेर काढीत. हत्यारे उकळलेली, हात स्वच्छ, डोळा बधिर केलेला. शस्त्रक्रिया थोड्याच वेळात होई. खरी कसोटी त्यानंतर. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून रोग्याने कित्येक दिवस उताणे पडून राहावयाचे, डोके हलवावयाचे नाही, खोकावयाचे नाही. ज्याने जन्मभर सूर्योदयापूर्वी उठून मोट हाकली त्याला असे पडून राहणे म्हणजे शिक्षाच. मग पट्टी सुटे. समोरचा हात दिसे, बोटे मोजता येत, आणि नातवाचे तोंड.

ज्याला नातवाने काठीचे टोक धरून आणले तो म्हातारा नातवाच्या पुढे चालत गावात शिरला, म्हणजे त्या इस्पितळाची आणखी निराळी जाहिरात करावी लागत नसे. अशा रीतीने मिरजेच्या गाडीत आंधळ्यांची गर्दी होऊ लागली. मुतखड्याचे, गाठींचे, बाळंतपणात अडलेल्या स्त्रियांचे, बैलाने शिंग मारून पोट फाडलेल्यांचे लोंढे त्यामागून आले. रोग्याबरोबर घरची माणसे येत, आपले पीठ, आपली भांडी आणि आपल्या चुली घेऊन येत. एका चुलीचा धूर दुसऱ्या चुलीस चालत नसे, पण आत शस्त्रक्रियेच्या मेजावर जे आधी जाई ते रोगाच्या तातडीप्रमाणे. तेथे कोणाची जात आडवी येण्यास जागा नव्हती.

परंतु ज्यांना गाडीच्या डब्यातही कोणी बसू देत नसे असे काही रोगी होते, आणि या लेखाचे कारण तेच आहेत.

महारोग, ज्यास आपण आज कुष्ठरोग म्हणतो, त्याचे जंतू नॉर्वे देशातील डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली शोधून काढले होते. म्हणजे हा पूर्वजन्मीच्या पापाचा किंवा देवाच्या कोपाचा रोग नव्हे, हे शास्त्राला तेव्हाच कळले होते. गावाला कळावयाचे होते. हा रोग मारीत नाही, हीच त्याची क्रूरता. तो कातडीखालच्या मज्जातंतूंना धरतो आणि हातापायांची जाणीव घालवितो. चुलीतले लाकूड पुढे सारताना बोट भाजते ते कळत नाही. पायात काटा जातो तो कळत नाही. जखम चिघळते, बोट झडते. वेदना ही देवाची देणगी आहे असे आम्ही वर्गात म्हणतो तेव्हा मुले आमच्याकडे संशयाने पाहतात. त्यांनी या रोग्यांची बोटे पाहावीत. डोळ्यांच्या पापण्या मिटेनाशा होतात, आवाज घोगरा होतो, चेहरा ओळखू येईनासा होतो. मग घरचे ताट वेगळे होते, पुढे अंथरूण ओसरीवर जाते, पुढे गोठ्यात, आणि शेवटी एक दिवस तो मनुष्य स्वतःच उठून तीर्थाच्या पायऱ्यांवर किंवा बाजाराच्या वेशीवर जाऊन बसतो. सरकारने १८९८ साली कायदा केला तो अशा भिकाऱ्यांस पकडून आश्रमात कोंडण्याचा. त्यांस बरे करण्याचे औषध तेव्हा कायद्याजवळ नव्हते, आणि डॉक्टरजवळही नव्हते. कवटीचे तेल तेवढे होते. ते पोटात घेतले तर ओकारी होई, टोचून घेतले तर गळू होई, आणि गुण थोडाच येई.

येथे आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. जो रोग बरा करता येतो त्याच्या रोग्याजवळ जाणे कोणत्याही हुशार डॉक्टरास आवडते. त्यात यश आहे, नाव आहे. वानलेसांच्या हाताला यश होते. आंधळे डोळस करून पाठविण्यात त्यांचा सारा दिवस भरला असता आणि कोणी त्यांस बोल लावला नसता. असे असूनही त्यांच्या नेतृत्वाखाली मिरजेस महारोग्यांसाठी निराळी वसाहत उभी राहिली. तेथे जखमा धुवावयाच्या, पट्ट्या बांधावयाच्या, झडलेल्या बोटांच्या माणसास भाकरी मिळेल आणि निजण्यास छप्पर मिळेल एवढे पाहावयाचे, आणि उद्या पुन्हा तेच. या कामात कोणी बरा होऊन गाजावाजा करीत घरी जात नसे.

शुभवर्तमानात महारोग्याची जी गोष्ट आहे ती आम्ही पुष्कळ वर्षे शिकवीत आलो आहो. तिच्यातील एक बारीकसा तपशील आमच्या ध्यानात फार उशिरा आला. प्रभू येशूने त्या मनुष्यास आधी हात लावला, मग शुद्ध केले. शब्दाने दुरून बरे करणे त्याला अशक्य नव्हते. सुभेदाराच्या चाकरास त्याने घर न पाहताच बरे केले होते. तेव्हा तो स्पर्श औषध म्हणून नव्हता. नियमशास्त्राप्रमाणे ज्याला स्पर्श करणारा स्वतः अशुद्ध ठरतो, त्याला तो अजून अशुद्ध असतानाच हात लावला गेला. वानलेसांनी हा उतारा शंभर वेळा वाचला असेल. मिशनचे लोक वाचतातच. ज्या रोगावर औषध नाही त्याच्या जखमेवरची पट्टी रोज आपल्या हाताने सोडणे म्हणजे तो उतारा कळणे, असे आम्हांस वाटते.

आणि आम्हांला तो कळला नव्हता याची एक हकिकत येथे लिहिणे प्राप्त आहे. शिक्षकी पेशात आम्ही नवे होतो तेव्हा ज्या शाळेत होतो (तिचे नाव येथे नको) तेथे सहावीच्या वर्गात एक मुलगा दाखल झाला. मुलगा निरोगी, गणितात चलाख. त्याचे वडील पूर्वी कुष्ठरोगाने आजारी होते. औषधोपचार घेऊन ते पूर्ण बरे झाले होते, हाताची बोटे मात्र आखडलेली राहिली होती. स्नेहसंमेलनाच्या दिवशी वडील शाळेत आले, आणि आठवड्याच्या आत दोघातिघा पालकांनी येऊन त्या मुलास वेगळे बसविण्याची मागणी केली. बरा झालेल्या रोग्यापासून कोणास बाधा होत नाही, मग त्याच्या निरोगी मुलापासून कोठून होणार, हे आम्हांस माहीत होते. वर्गशिक्षक आम्हीच होतो. वरून सूचना आली, ती तात्पुरती आहे असे सांगण्यात आले, आणि आम्ही एक बाक खिडकीपाशी ओढून त्यावर त्या मुलास बसविले. त्याच वर्गात रोज सकाळी प्रार्थनाही आम्हीच चालवीत होतो. दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा आला नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे काही दिवस गैरहजेरीच्या खुणा पडत राहिल्या, मग नाव कमी झाले. तो कोठे गेला हे विचारण्यास त्याच्या घरी आम्ही गेलो नाही. घर शाळेपासून वीस मिनिटांच्या वाटेवर होते.

असो. पुन्हा मिरजेस येऊ.

१८९७ साली वानलेसांनी इस्पितळाच्या आश्रयाने वैद्यकीय शाळा सुरू केली. मिशनच्या वतीने चाललेली अशी शाळा हिंदुस्थानात त्यापूर्वी थोडीच होती. लुधियाना येथे मिस एडिथ ब्राउन यांनी १८९४ साली स्त्रियांसाठी एक काढली होती, वेलोरच्या डॉक्टर आयडा स्कडर यांची शाळा पुढे १९१८ साली निघाली. मिरजेचा हेतू साधा होता: मिशनच्या दवाखान्यांस हाताखाली शिकलेले देशी ख्रिस्ती तरुण हवे होते. परंतु या साध्या हेतूतून जे झाले ते साधे नव्हते. आमच्या भागातील ख्रिस्ती मंडळीत महार-मांग घराण्यांतून आलेले पुष्कळ होते, हे लपविण्याचे कारण नाही; आमचे पूर्वजही त्यांतलेच. ज्या घराण्यातील माणसाची सावली अंगावर पडली तर लोक स्नान करीत, त्या घराण्यातील मुले अशा शाळांतून नाडी पाहण्यास, जखम शिवण्यास आणि क्लोरोफॉर्म देण्यास शिकली. रोगी म्हणून आलेल्या शास्त्रीबुवांच्या मनगटावर तीन बोटे ठेवून घड्याळाकडे पाहत उभा असलेला असा एखादा तरुण आम्ही मनात आणतो, तेव्हा आम्हांस त्या दोघांचीही कीव येते आणि आनंदही होतो. त्याच काळात कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९०२ साली आपल्या राज्यातील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. दरबारचा हुकूम आणि इस्पितळाचा वर्ग यांचा उगम निरनिराळा होता. पाणी मात्र एकाच शेताला मिळाले.

शाळा निघाली ते साल प्लेगचे होते. १८९६ साली मुंबईस सुरू झालेला प्लेग रेल्वेबरोबर आत आला आणि पुढील काही वर्षांत सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर, कोणतेच गाव त्याने सोडले नाही. लोक घरे टाकून रानात झोपड्या बांधून राहिले. बापाच्या प्रेताला मुलगा खांदा देईना अशी अवस्था झाली. वैद्यकाच्या हाती त्या वेळी नवी वस्तू एकच, डॉक्टर हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईस तयार केलेली लस; आणि तिलाही लोक भीत.

आम्ही ख्रिस्ती असल्यामुळे येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. याच १८९७ सालच्या मार्च महिन्याच्या १० तारखेस पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगने वारल्या. त्या आमच्या सातारा जिल्ह्यातल्या, नायगावच्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलास त्यांनी पाठीवर घेऊन मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात पोहोचविले आणि तो रोग त्यांस जडला. मुलगा वाचला असे सांगतात. सावित्रीबाई कोणत्याही मिशनच्या सभासद नव्हत्या. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगताना प्रभूने याजकाला आणि लेव्याला वाटेच्या पलीकडून जाताना दाखविले व परक्यास थांबताना दाखविले, याचा अर्थ आमच्या मंडळीतील काही जणांस अजून नीट लागलेला नाही. दयेची मिरास आपल्या दप्तरी नोंदलेली आहे असेच ते समजून चालतात.

वानलेस यांच्यावरही वेळ आली. १९०६ साली मेरीबाई निवर्तल्या. सोळा-सतरा वर्षे त्या या देशात होत्या. पडद्यातल्या आणि माजघरातल्या ज्या स्त्रिया पुरुष डॉक्टरापुढे तोंड उघडीत नसत त्यांस बाईमाणसाजवळ आपले दुखणे सांगता येई. मेरीबाईंचे काम तेथे होते. त्यांच्या स्मरणार्थ कोल्हापुरास मेरी वानलेस हॉस्पिटल झाले आणि आमच्यापैकी पुष्कळांचे आईबाप तेथे जन्मले आहेत. डॉक्टरांनी पुढे दुसरा विवाह केला व काम चालू ठेवले. १९१० च्या सुमारास डॉक्टर व्हेल हे दुसरे कुशल शस्त्रवैद्य त्यांस येऊन मिळाले. थोरल्या डॉक्टरांच्या पश्चात इस्पितळाचा भार त्यांनीच वाहिला.

चरित्र लिहिताना नायकाचे दोष झाकण्याची चाल आमच्यात आहे, ती आम्हांस मान्य नाही. मिशनच्या दवाखान्यांवर त्या काळी एक आक्षेप घेतला जाई आणि तो अगदीच निराधार नव्हता. औषध वाटण्यापूर्वी जमलेल्या रोग्यांपुढे शुभवर्तमान वाचून उपदेश करण्याची रीत होती. ज्याला औषध हवे आहे तो उठून जाणार कोठे? ऐकण्याची इच्छा नसलेला रोगीही मुकाट्याने ऐकत बसे, आणि असे ऐकविणे न्यायाचे आहे काय, हा प्रश्न विचारणारे हिंदू सद्गृहस्थ आमचे शत्रू नव्हते. आमचे मत विचाराल तर आम्ही ते न्यायाचे मानीत नाही. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिरजेस बरे झालेले रोगी बहुतेक सारे आपापल्या धर्मात राहिले, आपल्या गावी गेले, आपल्या देवापुढे नारळ फोडते झाले. आणि पुढल्या वर्षी त्यांच्या गावचा दुसरा रोगी आला तेव्हा त्याच्यासाठी दार तसेच उघडे होते. प्रभूने दहा महारोगी बरे केले, त्यांतला एक आभार मानण्यास परत आला. उरलेल्या नवांचा रोग काही परत आणला गेला नाही.

दुसरे असे की वानलेस राज्यकर्त्यांच्या वर्णाचे होते आणि त्यांस सरकारदरबारी मान होता. १९२८ साली त्यांस सर ही पदवी मिळाली. देशात तेव्हा स्वातंत्र्याची चळवळ चालू होती व सरकारी पदव्यांकडे पुष्कळ लोक तिरस्काराने पाहत. ही पदवी कोणाच्या हातून आली हे आम्हीही विसरत नाही. मात्र ती कशासाठी आली हेही विसरता येत नाही.

आता वानलेसवाडीकडे वळू. कारण लेख तेथून सुरू झाला. आयुष्याच्या उत्तरार्धात वानलेसांनी क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरज यांच्या मधल्या मोकळ्या माळावर आरोग्यधाम उभे केले. क्षय हा महारोगाचा धाकटा भाऊ. त्यानेही घर सुटते. लग्न होऊन वर्ष झालेल्या सुनेच्या रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला, की तिला माहेरी पोहोचवीत, माहेरचे चार महिन्यांनी सासरी निरोप धाडीत, आणि दोन्ही उंबरठ्यांच्या मध्ये ती पोर झिजून जाई. पुरुषाची नोकरी जाई, बिऱ्हाड सोडावे लागे, आणि मालकास कारण कळू नये म्हणून तो खोकला दाबीत फिरे. क्षयाचे जंतू १८८२ साली जर्मनीत कॉख यांनी दाखविले होते, पण त्यांस मारणारे औषध वानलेसांच्या हयातीत निघाले नाही. होते ते इतकेच: मोकळी हवा, ऊन, दूध, अंडी आणि पूर्ण विश्रांती. म्हणून खाटा उघड्या व्हरांड्यात. म्हणून गावाबाहेरचा माळ. जो समाज रोग्यास बाहेर घालवीत होता त्यानेही त्याला गावाबाहेरच पाठविले असते. फरक एवढाच की येथे बाहेर कोणीतरी वाट पाहत होते. तेथे राहून काही बरे झाले, पुष्कळ बरे झाले नाहीत.

१९२८ साली, जवळजवळ चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, वानलेस निवृत्त होऊन अमेरिकेस परतले. तेथे त्यांनी आपल्या येथील कामाविषयी एक पुस्तक लिहिले, ते १९३२ साली प्रसिद्ध झाले. ३ मार्च १९३३ रोजी कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल या गावी त्यांचा अंत झाला. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९४३ साली, स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला; त्याच दशकात कुष्ठरोगावर सल्फोन वर्गाची औषधे आली, आणि १९८० नंतर अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू होऊन तो रोग पूर्ण बरा होऊ लागला. मिरजेच्या इस्पितळाने पुढे चांगले-वाईट दिवस पाहिले. १९६२ साली मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले त्यालाही त्या इस्पितळाचा आधार होता. डॉक्टरांच्या काळी ज्या माळावर क्षयाचे रोगी केवळ हवेच्या भरवशावर पडून असत, त्याच माळावर पुढे गोळ्या घेऊन माणसे पायी चालत फाटकाबाहेर जाऊ लागली. ते पाहण्यास डॉक्टर नव्हते.

हा लेख छापखान्यात देण्यापूर्वी आम्ही मागच्या बाकावरील त्या मुलीस आजीकडून काही विचारून आणण्यास सांगितले. वानलेस हे नाव आजीनेही रस्त्यावरच्या पाटीवर वाचले होते, तेवढेच. तिला आठवण होती ती दुसरीच. घरून भेटावयास येणारी माणसे खाटेपासून चार हात दूर उभी राहत, डबा जमिनीवर ठेवीत आणि निघून जात. रात्री मिरजेच्या गाडीची शिट्टी ऐकू येई. आणि एक परिचारिका होती. कामाच्या धांदलीतही दर रविवारी ती खाटेवर शेजारी बसून आजीची वेणी घालून देई. तिचे नाव आजीस आठवत नाही.